त्रुबादूरांची प्रेमगीते आणि त्यांच्या चाली



फ्रान्सच्या मध्ययुगातील प्रेमगीते म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. चांदणी रात्र, किल्ल्याचा सज्जा, सज्जात उभी असलेली सुंदरी आणि खाली हातात तंतुवाद्य घेऊन आळवणी करणारा एक भटका गवई. हे चित्र मोहक आहे. परंतु ते बाराव्या शतकाचे नाही. ते एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकारांनी, चित्रकारांनी आणि ऑपेरावाल्यांनी रंगविलेले आहे. खरा त्रुबादूर पुष्कळदा भटका नव्हता, पुष्कळदा गरीबही नव्हता, आणि आपले गाणे तो स्वतःच गाई असेही नाही. आज मला त्याच्या गाण्याविषयी बोलावयाचे आहे; आणि त्यातही विशेषतः त्या गाण्याचे आपल्यापर्यंत नेमके काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही याविषयी. कारण या गीतांचा अर्धा भागच काळाने आपल्या हाती दिला आहे. उरलेला अर्धा विद्वानांनी भरून काढला, आणि तो भरताना त्यांच्यात जी झुंबड उडाली तिची हकीकत गीतांइतकीच ऐकण्याजोगी आहे.

प्रथम स्थळकाळ सांगितला पाहिजे. आज आपण ज्याला फ्रान्स म्हणतो त्या देशात बाराव्या शतकी एक भाषा नव्हती. लुआर नदीच्या दक्षिणेकडे, स्थूलमानाने बोलायचे तर, एक भाषा, उत्तरेकडे दुसरी. ‘होय’ या अर्थी दक्षिणेत ‘ओक’ म्हणत, उत्तरेत ‘ओईल’; त्यावरूनच त्या भाषांना नावे पडली. दक्षिणेची ती ओक भाषा, म्हणजे ऑक्सितान. तिच्यात ‘त्रोबार’ या क्रियापदाचा अर्थ शोधणे, सापडविणे, रचणे असा होतो. जो चाल आणि शब्द शोधून काढतो तो त्रुबादूर. ही रचना इ. स. ११०० च्या सुमारास दिसू लागते आणि १३०० च्या सुमारास विझते. दोनशे वर्षांत साडेचारशेच्या आसपास कवींची नावे आणि सुमारे अडीच हजार कविता आपल्याला मिळतात.

ज्याच्या कविता उरल्या आहेत असा पहिला त्रुबादूर कोण, तर आक्विटेनचा ड्यूक आणि प्वातिएचा काउंट गिल्येम. जन्म १०७१, मृत्यू ११२६ किंवा ११२७. नावाला तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. पण मुलूख पाहिला तर राजापेक्षा मोठा. चर्चने त्याला दोनदा बहिष्कृत केले. ११०१ साली तो फौज घेऊन पूर्वेकडे धर्मयुद्धाला निघाला आणि आशिया मायनरमध्ये ती फौज पार बुडवून परत आला. त्याची अकरा गीते मानली जातात. त्यांतली काही सैनिकी अड्ड्यावर खिदळत म्हणण्याच्या लायकीची आहेत, सभेत त्यांचा आशयही सांगता येणार नाही. आणि त्याच माणसाची काही गीते इतकी कोवळी आहेत की दोहोंचा कर्ता एकच यावर विश्वास बसू नये. युरोपातील लोकभाषेतल्या प्रेमकवितेचा हा आरंभ. आरंभ म्हटला खरा, पण त्याच्या रचनेत कुठेही नवखेपणा नाही. त्याच्या आधी कोणीतरी गात होते, हे उघड आहे. ते कोण, याबद्दल वाद आहेत. लॅटिन स्तोत्रे, लिमोजच्या मठातील गीते, स्पेनमधील अरबी काव्य, असे अनेक दावेदार आहेत. गिल्येमच्या बापाने १०६४ साली स्पेनमधील बार्बास्त्रोच्या वेढ्यात भाग घेतला होता, तेव्हा अरबी गायन त्या घराच्या कानांवर पडले असणे शक्य कोटीतले आहे. परंतु शक्यता आणि पुरावा यांतले अंतर इतिहासाने विसरू नये, म्हणून तो प्रश्न मी येथेच सोडतो.

आता या गीतांतले प्रेम. त्याची मांडणी अशी : कवी एका उच्चकुलीन, बहुधा विवाहित स्त्रीवर प्रेम करतो. तिचे खरे नाव घेत नाही; एक सांकेतिक नाव योजतो. भोवती मत्सरी नवरा आहे आणि कानाफूसी करणारे चहाडखोर आहेत. या चहाडखोरांचा तर या काव्यात सुळसुळाट आहे. कवी सेवा करतो, वाट पाहतो, कुढतो, आणि त्या कुढण्यालाच ‘जोई’ म्हणजे आनंद म्हणतो. गंमत अशी की तो त्या स्त्रीला ‘मिदोन्स’ म्हणून संबोधतो, आणि त्याचा अर्थ आहे ‘माझा धनी’. तोही पुल्लिंगी! मांडलिकाने आपल्या सरदारापुढे गुडघे टेकून, जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन निष्ठेची शपथ घ्यावी, तीच भाषा येथे स्त्रीपुढे वापरलेली आहे. सेवा, इमान, बक्षीस, दया, सारे शब्द दरबाराचे. मग हे प्रेमकाव्य की आश्रय मागणारे काव्य? एरिख क्योलर या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे मांडले की जमीन नसलेल्या कनिष्ठ सरदारांची धडपड या प्रेमाच्या भाषेत बोलते आहे. त्यात तथ्य आहे. पण मग गिल्येमसारख्या ड्यूकला कुणाचा आश्रय मागायचा होता, याला त्या उपपत्तीत चांगलेसे उत्तर नाही.

आपण या प्रेमाला ‘दरबारी प्रेम’ म्हणतो. हे नाव मात्र त्रुबादूरांचे नव्हे. ते ‘फिन आमोर’ म्हणत, म्हणजे कसाला लावलेले, शुद्ध प्रेम. जसे आपण बावनकशी सोने म्हणतो तसे. ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञा १८८३ साली गास्तों पारी या फ्रेंच पंडिताने एका लेखात रूढ केली, आणि तोही लेख त्रुबादूरांवर नसून लान्सलॉटच्या कथेवर होता. त्या जोडशब्दाचे मध्ययुगीन उदाहरण शोधू गेले तर क्वचित एखादे हाती लागते. नाव मिळाले की वस्तू ठाम झाल्यासारखी वाटते. पारीनंतर या प्रेमाचे नियम, कलमे, पायऱ्या सांगणारी पुस्तके निघाली, आणि वाचकांना वाटू लागले की बाराव्या शतकात हे जणू एक संहिताबद्ध शास्त्रच होते.

‘प्रेमाच्या न्यायसभा’ ही कल्पनाही अशीच. राणी एलेनोर ही गिल्येमची नात. ११३७ साली फ्रान्सच्या सातव्या लुईशी तिचे लग्न झाले. ११५२ साली ते रद्द झाले आणि लगोलग तिने जो हेन्री पुढे इंग्लंडचा राजा झाला त्याच्याशी लग्न केले. तिची मुलगी मारी ही शांपान्यची काउंटेस. या मायलेकी प्रेमाच्या तंट्यांत न्यायनिवाडे देत, असे आंद्रेआस नावाच्या एका धर्मोपदेशकाने ११८० नंतरच्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात म्हटले आहे. पतिपत्नींमध्ये असे प्रेम संभवतच नाही, हा त्यातला गाजलेला निकाल मारीच्या नावावर आहे. पुढे १५७५ साली जाँ द नोत्रदाम याने त्रुबादूरांची चरित्रे छापली आणि त्यांत या न्यायसभा बिनदिक्कत खऱ्या करून टाकल्या. हा गृहस्थ भविष्य सांगणाऱ्या नॉस्त्रादामसचा सख्खा भाऊ. एक भाऊ पुढचे रचीत होता, दुसरा मागचे! आज इतिहासकार त्या निवाड्यांना वाङ्मयीन विनोद मानतात. एकाही खऱ्या न्यायसभेचा दाखला मिळालेला नाही.

बोलणारा पुरुष आणि मूक स्त्री, असाही या काव्याबद्दल समज आहे. तो अर्धाच खरा. वीसेक स्त्री-कवींची नावे आपल्याला माहीत आहेत. त्यांपैकी दियाची काउंटेस म्हणून ओळखली जाणारी कवयित्री बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली असावी. तिच्या गीतात प्रियकराने फसवणूक केल्याची सरळ तक्रार आहे. माझे कूळ, माझे रूप, माझे खरेपण यांचा काही उपयोग होऊ नये काय, असे ती विचारते. पुरुषांच्या गीतांतली मूर्ती येथे एकदम तोंड उघडते. स्त्री-त्रुबादूरांच्या सर्व रचनांपैकी एवढ्या एकाच गीताची चाल शिल्लक आहे.

चालीचा विषय निघाला, तेव्हा आता गाणे तयार कसे होई ते पाहू. शब्द आणि चाल हे दोन्ही सामान्यतः एकाच माणसाचे काम होते. कडव्याचा साचा पुष्कळदा असा असे : एक लहान स्वरखंड, त्याचीच पुनरावृत्ती, आणि मग वेगळ्या वाटेने जाणारा उत्तरार्ध. साथीचा दुसरा आवाज नाही, स्वरसंवाद नाही. एकच ओळ, एकच कंठ. या बाबतीत हे संगीत पुढच्या युरोपीय संगीतापेक्षा आपल्या कानाला जवळचे वाटेल. बहुतेक अक्षरांवर एकेकच स्वर येतो, आणि मधूनच एखाद्या अक्षरावर दोन, तीन, चार स्वरांचा लहानसा झुपका.

बर्नार्त द व्हेन्तादोर्न याचे चंडोल पक्ष्याचे गीत घ्या. बर्नार्त हा बाराव्या शतकाच्या मध्यानंतरचा कवी. व्हेन्तादोर्नच्या गढीत भाकरीची भट्टी पेटविणाऱ्या नोकराचा तो मुलगा होता, असे त्याच्या जुन्या चरित्रात म्हटले आहे. ते खरे असेलच असे नाही. गीताची कल्पना अशी की चंडोल सूर्यकिरणाकडे पंख मारीत चढतो आणि हृदयात दाटलेल्या गोडव्याने स्वतःला विसरून खाली पडू लागतो. ते पाहून कवीला हेवा वाटतो. कडवे आठ ओळींचे आहे, आणि चाल जवळजवळ प्रत्येक ओळीला नवी वाट देत जाते. ही चाल त्या काळी इतकी लोकप्रिय झाली की तिच्यावर फ्रेंचमध्ये गीत रचले गेले, लॅटिनमध्येही रचले गेले. लॅटिन गीतात तर हृदय आणि डोळा यांचा वाद आहे : पापाचा दोष कोणाचा, पाहणाऱ्या डोळ्याचा की इच्छिणाऱ्या हृदयाचा? एखादी चाल अशी भाषेच्या आणि धर्माच्या वेशी ओलांडून जाते तेव्हा ती कागदावरून नव्हे, कानावरून जात असते.

याला कवींचीच साक्ष आहे. ब्लाय या ठिकाणचा जाउफ्रे रुदेल हा ‘दूरच्या प्रेमा’चा कवी म्हणून प्रसिद्ध. त्रिपोलीच्या काउंटेसची कीर्ती यात्रेकरूंकडून ऐकून, तिला न पाहताच तो तिच्या प्रेमात पडला. समुद्रमार्गे निघाला, वाटेत आजारी पडला आणि तिच्या बाहूंत त्याने प्राण सोडला, ही कथा तेराव्या शतकातील चरित्रकाराने दिली आहे. श्रवणानुरागाची ही कथा कितीही सुंदर असली तरी बहुधा त्याच्या गीतांवरूनच बेतलेली आहे. मला त्या कथेपेक्षा त्याच्या गीतांतल्या दोन लहान गोष्टी मोलाच्या वाटतात. एका गीताच्या शेवटी तो म्हणतो की हे गीत मी चर्मपत्राच्या चिठ्ठीवाचून, फिल्योल याच्या मुखाने पाठवीत आहे. दुसऱ्यात तो बजावतो की जो हे माझ्याकडून शिकेल त्याने ते मोडू नये. हा फिल्योल बहुधा ‘जोग्लार’, म्हणजे धंदेवाईक गायक असावा. गीत रचणारा घरी. गाणारा घोड्यावर किंवा पायी, एका दरबारातून दुसऱ्या दरबारात. आणि मोडतोडीची धास्ती रचणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून.

दरबारात चालींची देवघेव कशी होई त्याचा एक दाखला जुन्या टिपणात आहे. इटलीतील मोंफेरातच्या दरबारी दोन फ्रेंच वादकांनी व्हिएल या गजाने वाजविण्याच्या वाद्यावर एक नाचाची धून वाजविली. रैम्बाउत द व्हाकेइरास हा कवी तेथे खिन्न बसला होता. त्याला गाण्याचा आग्रह झाला, आणि त्याने त्या धुनेवर शब्द बसवून वसंतागमनाचे एक गीत म्हटले. ते गीत आणि ती चाल दोन्ही उपलब्ध आहेत. एरवी मात्र शब्द उरले, चाल गेली, असाच प्रकार.

कारण असे की ही गीते वहीत उतरली फार उशिरा. त्रुबादूरांचे जे गीतसंग्रह हाती आहेत ते बव्हंशी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि चौदाव्या शतकातले. म्हणजे कित्येक गीतांच्या बाबतीत कवीच्या मृत्यूनंतर शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेले. पुष्कळसे तर इटलीत लिहिले गेले. त्याला तेथील रसिकता जशी कारण, तशीच दक्षिण फ्रान्सची वाताहतही. १२०९ साली पोप तिसरा इनोसंट याने पुकारलेली फौज कॅथार पंथीयांचा बीमोड करण्यासाठी दक्षिणेत उतरली. त्याच जुलैत बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. १२१३ साली म्युरेच्या लढाईत आरागॉनचा राजा पेद्रो पडला. १२२९ च्या तहाने तुलूझचा काउंट नमला. या युद्धाने त्रुबादूरांचे काव्य एका दिवसात मारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, कारण पुढे साठ वर्षे गीते होतच राहिली. पण ज्या लहान लहान दरबारांवर गाणारे जगत ते दरबार मोडले, हे खरे.

चालींसह असे त्रुबादूरांचे प्रमुख संग्रह फक्त चार. दोन खास दक्षिणी, दोन उत्तर फ्रान्समधील गीतसंग्रहांत घुसलेले. अडीच हजार कवितांपैकी जेमतेम अडीचशेंच्या चाली त्यांतून मिळतात. म्हणजे दहात एक. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जो मोठा दक्षिणी संग्रह आहे तो इ. स. १३०० च्या सुमाराचा. त्यात अकराशेहून अधिक कविता आहेत. लेखकाने शेकडो गीतांच्या पहिल्या कडव्यावर स्वर लिहिण्यासाठी रेघा आखून ठेवल्या. स्वर मात्र भरले गेले सुमारे १६० गीतांवर. बाकीच्या रेघा तशाच कोऱ्या आहेत. स्वर लिहिणाऱ्याला त्या चाली मिळाल्याच नसाव्यात. पानामागून पान त्या रिकाम्या रेघा पाहताना वाटते की गाणे हरवते म्हणजे काय होते, ते याहून स्पष्ट कुठे दिसायचे नाही.

याच संग्रहात गिराउत रिकिएर याची गीते आहेत. हा नार्बोनचा. १२५४ ते १२९२ या काळात त्याने रचना केली. त्याला काळाची चाहूल लागली असावी. प्रत्येक गीतावर साल असावे अशी व्यवस्था त्याने केली. परिणाम असा की दुसऱ्या कुठल्याही त्रुबादूराच्या राहिल्या नाहीत इतक्या, ४८, चाली त्याच्या राहिल्या आहेत. शेवटच्या काळातील एका गीतात तो म्हणतो की मी फार उशिरा आलो. लोक त्याला ‘शेवटचा त्रुबादूर’ म्हणतात.

उत्तरेकडे या कलेचे नशीब अधिक बरे. तेथील कवींना त्रूव्हेर म्हणतात. शब्दाचा अर्थ तोच, शोधणारा. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची गीते मिळतात. त्यांची संख्या दोन हजारांच्या वर असून निम्म्याहून अधिक गीतांच्या चाली शिल्लक आहेत. त्यांतला सर्वांत मानाचा तिबो, शांपान्यचा काउंट. १२३४ पासून नाव्हारचा राजाही. वर जिचा उल्लेख केला त्या मारीचा हा नातू. राजमाता ब्लांशवर त्याचे प्रेम होते, अशी बोलवा त्या काळीच होती. पण उत्तरेत केवळ राजे गात नव्हते. कोनों द बेत्यून या आर्त्वा प्रांतातल्या सरदाराने एका गीतात तक्रार केली आहे की दरबारात राणीने आणि तिच्या मुलाने, म्हणजे खुद्द राजाने, माझ्या प्रांतिक उच्चारांची थट्टा केली. आणि कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या आरास शहरात तर तेराव्या शतकात व्यापारी, कारकून आणि धर्मोपदेशक मिळून गीतांच्या चढाओढी भरवू लागले. प्रेमातला एखादा कूटप्रश्न घ्यायचा, दोघांनी एकाच चालीवर आळीपाळीने उलटसुलट बाजू मांडायच्या आणि परीक्षकाकडे निकाल मागायचा, हा त्यांचा आवडता प्रकार. सज्जातली सुंदरी तेथे कधीच मागे पडली होती.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ज्या चाली उरल्या त्या आपण गाऊ शकतो काय? वही उघडा. चार-पाच आडव्या रेघा, त्यांवर काळी चौकोनी टिंबे. सा कुठे, रे कुठे, स्वर किती चढतो, किती उतरतो, हे नीट कळते. कोणत्या अक्षरावर किती स्वर, तेही कळते. परंतु प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा, हे बहुतेक वह्या सांगतच नाहीत. मात्रा नाहीत, ताल नाही, लय नाही. शिवाय स्वर फक्त पहिल्या कडव्यावर लिहिलेले. पुढची कडवी गाणाऱ्याने बसवून घ्यायची. एकाच गीताच्या चार वह्या घेतल्या तर स्वरांचे झुपके चार ठिकाणी. काही गीतांना तर वेगवेगळ्या वह्यांत अगदीच निरनिराळ्या चाली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगीतेतिहासकारांना हे मौन सहन होईना. ह्यूगो रीमान या जर्मन पंडिताने प्रत्येक ओळ चार आघातांच्या चौकटीत बसविली. मग स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठातून दुसरी कल्पना निघाली. पॅरिसच्या नोत्रदाम चर्चमध्ये तेराव्या शतकात अनेक आवाजांचे जे संगीत चाले, त्याला लयीचे सहा ठरलेले साचे होते. कुठे गुरू-लघू, कुठे लघू-गुरू, कुठे नुसते गुरू; सगळे तीन-तीन मात्रांच्या हिशेबाचे, आपल्या दादऱ्याला ठाऊक असलेल्या हेलकाव्याचे. हेच साचे त्रुबादूरांच्या चालींना लावावे, कवितेच्या आघातावरून कोणता साचा ते ठरवावे, म्हणजे कोडे सुटले! या विचाराचे मूळ फ्रीड्रिख लुडविग या मितभाषी अध्यापकाच्या संशोधनात होते. पण श्रेयासाठी भांडले दोघे दुसरेच : अल्सेसमधला तरुण संशोधक जाँ-बातिस्त बेक आणि पॅरिसचा पिएर ओब्री. १९०७ पासून दोघांनी शोध माझाच म्हणून एकमेकांवर टीकालेख सोडले. प्रकरण पंचांपुढे गेले आणि १९०९ साली कौल बेकच्या बाजूने पडला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, तलवारबाजीच्या सरावात पाते लागून ओब्री मरण पावला. वय अवघे ३६. बेकशी द्वंद्वयुद्ध करण्यासाठीच तो हात साफ करीत होता, अशी आख्यायिका पंडितांत पसरली. तिला पुरावा नाही. पण सातशे वर्षांपूर्वीच्या प्रेमगीतांच्या मात्रांवरून तलवार उपसली जाऊ शकते, यावर लोकांचा विश्वास बसला, हेच पुरेसे बोलके आहे.

ज्या उपपत्तीसाठी हे सारे झाले तिचे पुढे काय झाले? पन्नासेक वर्षे ती राज्य करून गेली. छापील आवृत्त्या तिच्याप्रमाणे निघाल्या. शाळा-कॉलेजांत ही गीते तीन मात्रांत डोलू लागली. पण तिच्यातील दुखणे सुरुवातीपासूनच दिसत होते. एकच चाल एका संपादकाने पहिल्या साच्यात बसविली, दुसऱ्याने दुसऱ्या, तिसऱ्याने तिसऱ्या. आणि प्रत्येकाला आपले म्हणणे स्वयंसिद्ध वाटले. कुलूप एक आणि सहाही किल्ल्या लागतात, तेव्हा ते कुलूप नसावे अशी शंका यायला हवी होती. दुसरे असे की तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्रा दाखविणारी लेखनपद्धती पॅरिसमध्ये सिद्ध झालेली होती, आणि उत्तरेकडील एका संग्रहात पुष्कळ गीतांवर तिची छाया दिसते. म्हणजे लिहू इच्छिणाऱ्याला लय लिहिता येत होती. बाकीच्यांनी ती लिहिली नाही. का? लिहिण्याजोगी ठाम लय तेथे नव्हती म्हणून, असे उत्तर १९७२ साली हेंड्रिक फान डर वेर्फ या डच संगीतज्ञाने आपल्या ग्रंथात दिले. त्याच्या मते ही गीते तालात नव्हे, तर बोलण्याच्या ओघात म्हटली जात. शब्दाचा भार, वाक्याचा विराम, गाणाऱ्याचा श्वास हेच त्यांचे माप. १९८६ साली जॉन स्टीव्हन्स या इंग्रज अभ्यासकाने वेगळे सुचविले : प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्या, मग त्यावर एक स्वर असो की चार; कारण या कवींनी मोजली ती अक्षरे, आघात नव्हेत. नाचाच्या धुनेवरील गीते अर्थातच निराळी. तेथे पाय ठरवितील तो ताल.

माझा कल फान डर वेर्फकडे आहे, तो एका साध्या कारणाने. त्याची उपपत्ती वह्यांतल्या गोंधळाला दोष मानीत नाही. चार वह्यांत स्वरांचे झुपके चार ठिकाणी असतील, तर चार गायकांनी ते चार प्रकारे गायिले होते, एवढेच. जाउफ्रेने घातलेली शपथ कोणी पाळली नाही, आणि पाळली नाही म्हणूनच गाणे जिवंत राहिले.

वाद्यांची कथाही अशीच. वहीत वाद्यासाठी एक टिंबही नाही. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या तेव्हा त्यांवर झांजा, डफ, सनईसारखी वाद्ये, तंतुवाद्यांचे लांबलचक आलाप, अशी मोठी दिंडीच निघाली. टॉमस बिंक्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतर उत्तर आफ्रिकेतील गायनवादनाच्या ढंगाने ही गीते सादर केली; ऐकायला ती अत्यंत रम्य आहेत. पुढे १९८७ साली क्रिस्तोफर पेज याने त्या काळच्या साहित्यातील उल्लेख गोळा करून दाखविले की उंची प्रेमगीत बहुधा साथीवाचून, नुसत्या आवाजाने म्हटले जाई. वाद्ये नाचाच्या आणि हलक्या गीतांना असत. तेव्हापासून पुष्कळ गायकांनी वाद्ये खाली ठेवली. श्रोत्यांनी दोन्ही ऐकावे. फक्त मुद्रिकेच्या वेष्टनावर ‘अस्सल बाराव्या शतकाप्रमाणे’ असे छापलेले असेल, तर ते वेष्टन लिहिणाराचे मत समजावे.

शेवटी पुन्हा गिल्येमकडे. या पहिल्या त्रुबादूराच्या अकरा गीतांपैकी एकाही गीताची चाल कुठल्याही गीतसंग्रहात नाही. परंतु चौदाव्या शतकात संत अ‍ॅग्नेसवर एक धार्मिक नाटक ऑक्सितान भाषेत लिहिले गेले. त्यातील गाणी लोकांना ठाऊक असलेल्या चालींवर बसविलेली आहेत. बर्नार्तच्या चंडोलाची चालही त्यांत आहे. एका विलापावर सूचना अशी आहे की हा ‘प्वातिएच्या काउंटाच्या चाली’वर म्हणावा. ती चाल गिल्येमच्या निरोपाच्या गीताची आहे, असे अभ्यासक मानतात; ज्यात त्याने सत्ता, चैन आणि भरजरी वस्त्रे सोडून देण्याची भाषा केली आहे, ते गीत. दोनदा बहिष्कृत झालेल्या माणसाची चाल दोनशे वर्षांनी एका कुमारी संतिणीच्या नाटकात गायिली जात होती. नाटकाची ती वही आता व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. चाल तिच्यात पुरती नाही. काही ओळींपुरतेच स्वर आहेत, चौकोनी टिंबांत, मात्रांवाचून.